कारळ्याच्या चटणीतलं बी आणि मेंदूपर्यंत जाणारी बुरशी: लॅबमधली प्लेट बदलली की यीस्ट का बदलतं?

जुलै २०२५ मध्ये सरकारने विधान परिषदेत जाहीर केलं की मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद होणार. ऑगस्ट उजाडेपर्यंत दादरच्या कबुतरखान्यावर बांबू आणि ताडपत्री चढली होती. ६ ऑगस्टला आंदोलकांनी ती ओरबाडून काढली, प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पुढचं सगळं तुम्ही रील्समध्ये पाहिलंच असेल.

त्या दिवसांत फॅमिली ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज फिरत होते. एक म्हणायचा, कबुतराच्या विष्ठेत मेंदूला होणारी बुरशी असते, जवळून गेलात तरी खेळ खल्लास. दुसरा म्हणायचा, आमच्या तीन पिढ्या इथे दाणे टाकतायत, कुणाला काही झालं नाही, हे सगळं थोतांड आहे.

या भांडणात एक साधा प्रश्न कुणी विचारला नाही. विष्ठेत बुरशी आहे की नाही हे लॅबमध्ये कळतं कसं? कारण त्याचं उत्तर गिरगावच्या खानावळीत ताटाच्या डाव्या बाजूला वाढतात त्या चटणीत आहे. कारळ्याच्या चटणीत.

आधी दोन आजार वेगळे करू

कबुतरांमुळे होणाऱ्या ज्या फुप्फुसाच्या आजाराची कोर्टात सगळ्यात जास्त चर्चा झाली, तो मुळात संसर्गच नाही. त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. पक्ष्यांच्या पिसांतली आणि विष्ठेतली प्रथिनं वर्षानुवर्षं श्वासातून आत गेली की काही लोकांची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते आणि त्या मारामारीत फुप्फुसच घट्ट होत जातं. यात जंतू वाढत नाही, त्यामुळे त्याची कल्चर टेस्टही नसते. हा आजार खरा आहे आणि गंभीर आहे. पण त्याचा बुरशीशी संबंध नाही.

बुरशीची गोष्ट वेगळी. तिचं नाव क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स. हे एक यीस्ट आहे. यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी, पाव फुगवणाऱ्या यीस्टचीच लांबची भावकी. ते मातीत, झाडांच्या कुजलेल्या ढोलीत आणि कबुतरांच्या जुन्या, वाळलेल्या, उन्हापासून आडोशाला पडलेल्या विष्ठेत राहतं. विष्ठेत क्रिएटिनिन नावाचा नायट्रोजनयुक्त पदार्थ असतो, तो या यीस्टला चालतो, इतर बऱ्याच जंतूंना चालत नाही. गंमत म्हणजे कबुतर स्वतः सहसा आजारी पडत नाही. त्याच्या शरीराचं तापमान ४१-४२ अंश असतं आणि एवढ्या उष्णतेत हे यीस्ट तग धरत नाही. आपलं शरीर मात्र ३७ अंशांचं. तिथे ते जगतं.

आता घाबरण्याआधी हेही वाचा. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन वर्षांवरच्या बहुतांश मुलांच्या रक्तात या यीस्टविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. म्हणजे मोठ्या शहरात राहणारा माणूस ते लहानपणीच श्वासातून आत घेतो आणि शरीर ते निभावून नेतं. धोका खरा असतो तो प्रतिकारशक्ती खचलेल्यांना: उपचार न झालेला एचआयव्ही, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं, दीर्घकाळ स्टेरॉइड. अशा माणसाच्या फुप्फुसातून ते मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतं आणि मेनिन्जायटिस होतो. उपचार झाले नाहीत तर तो जीव घेतो.

तर "जवळून गेलात तरी खलास" हे खोटं आणि "काहीच नसतं" हेही खोटं. पण आपला विषय पुढे आहे.

चटणीचं बी लॅबमध्ये काय करतंय?

समजा तुम्ही कबुतरखान्याच्या कोपऱ्यातली वाळकी विष्ठा गोळा केली, पाण्यात कालवली आणि तिचा एक थेंब लॅबमधल्या नेहमीच्या प्लेटवर टाकला. प्लेट म्हणजे झाकणाची चपटी बशी, तिच्यात घट्ट जेलीसारखं खाद्य. ती जेली आगरची असते. आगर म्हणजे आपण फालुद्यासाठी आणतो तो चायना ग्रास. जेलीत काय मिसळलंय त्यावर त्या प्लेटचं नाव ठरतं.

बुरशीसाठी सर्वात जुनी, सर्वात वापरातली प्लेट म्हणजे साबुरो आगर, फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ रेमाँ साबुरो यांच्या नावाची. साखर भरपूर आणि माध्यम आंबटसर, म्हणजे बॅक्टेरिया दबतात आणि बुरशी वाढते. तिच्यावर तुमच्या थेंबातून काय येईल? हवेतली साधी बुरशी भसाभस वाढून प्लेट झाकून टाकेल. तिच्याखाली दोन-चार मलईसारखे ठिपके असतील, पण कॅन्डिडाचे ठिपके तसेच दिसतात, इतर निरुपद्रवी यीस्टचेही तसेच. तुम्ही रिपोर्ट लिहाल, "सापडलं नाही."

१९६२ मध्ये जर्मन संशोधक स्टाइब यांनी एक वेगळी प्लेट मांडली. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना घालतात ते एक काळं बी त्यांनी दळून उकळलं, गाळलं आणि त्या पाण्याची जेली केली. तिच्यावर बाकी यीस्ट पांढरीच राहिली. क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स तेवढं तपकिरी झालं, चॉकलेटसारखं. ते बी म्हणजे गुइझोशिया अ‍ॅबिसिनिका. आपलं कारळं. नाशिककडे, इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला पावसाळा सरताना डोंगरउतारावर पिवळीधमक शेतं दिसतात ना, ती खुरासणी, तेच हे. लालबागच्या मसाल्याच्या दुकानात किलोवर मिळतं. जगभरातल्या मायक्रोबायोलॉजीच्या पुस्तकांत त्याच्या प्लेटला "बर्डसीड आगर" म्हणतात, कारण पाश्चात्त्य देशांत ते पक्ष्यांचं खाणं. चटणी त्यांना माहीत नाही, त्याला आपण काय करणार.

रंग कशामुळे येतो? कारळ्यात कॅफेइक आम्ल असतं (कॅफीन नव्हे, नावावर जाऊ नका). या यीस्टकडे लॅकेज नावाचं एन्झाइम आहे. ते अशा आम्लापासून मेलॅनिन बनवतं, म्हणजे आपल्या केसांत आणि कातडीत असतं तशा जातीचं काळं रंगद्रव्य. ते पेशीच्या भिंतीत बसतं आणि चिलखतासारखं काम करतं: आपल्या पांढऱ्या पेशी जी रासायनिक मारगिरी करतात ती झेलतं. म्हणजे प्लेटवरचा तपकिरी रंग ही नुसती ओळख नाही, आजार करण्याच्या हत्याराची खूण आहे.

आणि इथे खरी मेख आहे. हे हत्यार कधी बाहेर काढायचं हे यीस्ट भोवतालचं पाहून ठरवतं. ग्लुकोज मुबलक असेल तर लॅकेजचं काम थंडावतं, म्हणून कारळ्याच्या प्लेटमध्ये साखर मुद्दाम चिमूटभरच घालतात, लिटरला एक ग्रॅमच्या आसपास. तापमानाचंही तसंच. २५-३० अंशांना रंग छान येतो, ३७ ला फिका पडतो. एखाद्या लॅबने साखर जास्त घातली किंवा प्लेट चुकीच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवली तर तेच यीस्ट, तोच थेंब, आणि रंग नाही.

त्यामुळे "अमुक ठिकाणच्या विष्ठेत बुरशी सापडली" किंवा "सापडली नाही" अशी बातमी आली की माझा पहिला प्रश्न हाच असतो: प्लेट कोणती होती? बातमीत तो सहसा नसतो. आमच्या धंद्याची ही अडचण आहे, प्लेटचं नाव हेडलाइनमध्ये बसत नाही.

लॅबमध्ये सडपातळ, फुप्फुसात राक्षस

रंग हा एकच भाग झाला. या यीस्टभोवती साखरेच्या साखळ्यांचं एक गुळगुळीत वेष्टन असतं, कॅप्सूल म्हणतात. पांढऱ्या पेशीला त्याला गिळणं जड जातं ते या वेष्टनामुळे. रुग्णाच्या पाठीतून काढलेल्या पाण्यात इंडिया इंक, म्हणजे काळी शाई मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की काळ्या पार्श्वभूमीवर यीस्टभोवती पांढरं वलय दिसतं. तेच हे वेष्टन.

आता तेच यीस्ट साखरेने भरलेल्या प्लेटवर वाढवा. वेष्टन पातळ होतं. का होणार नाही? खायला भरपूर, मारायला कुणी नाही, चिलखत कशाला वागवायचं? त्याच यीस्टला शरीरात असतो तेवढा, म्हणजे ५ टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड द्या, लोह कमी करा, वेष्टन पुन्हा जाड होतं. आपलं शरीर जंतूंपासून लोह लपवून ठेवतं. यीस्टला लोहाची टंचाई जाणवली की ते ओळखतं, आपण कुणाच्या तरी आत आहोत.

यातला सगळ्यात थरारक प्रकार तर अनेक दशकं प्लेटवर दिसलाच नव्हता. साधारण ५ ते ७ मायक्रॉनच्या या पेशी उंदराच्या फुप्फुसात गेल्यावर त्यांतल्या काही प्रचंड फुगतात, वेष्टनासकट १०० मायक्रॉनपर्यंत. २०१० मध्ये दोन संशोधन गटांनी त्यांचं सविस्तर वर्णन केलं आणि "टायटन पेशी" हे नाव रुळलं. एवढं मोठं धूड गिळणं कुठल्याच पांढऱ्या पेशीला जमत नाही. पण नेहमीच्या लॅब खाद्यात त्या तयार होत नव्हत्या, त्यामुळे अभ्यास करायचा तर प्रत्येक वेळी प्राणी लागायचा. २०१८ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी प्लेट-नळीतच टायटन तयार करायच्या कृती प्रसिद्ध केल्या. तिघांच्या कृती वेगळ्या, पण ढोबळ सूत्र सारखं: खाणं तोकडं ठेवा आणि शरीरातल्यासारखे इशारे द्या. लाड थांबवले तेव्हा यीस्टने खरं रूप दाखवलं.

लाडाचा आणखी एक परिणाम आहे. जगभरातल्या लॅबमध्ये क्रिप्टोकॉकसचा जो वाण संदर्भ म्हणून वापरतात, एच-९९, तो १९७८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात एका रुग्णाकडून मिळाला. त्यानंतर तो एका लॅबमधून दुसरीत, एका प्लेटवरून दुसरीवर जात राहिला. काही वर्षांनी लक्षात आलं की वेगवेगळ्या लॅबमधले "एच-९९" आता सारखे राहिलेले नाहीत, काहींची आजार करण्याची ताकद घसरली आहे. विरजणाचं उदाहरण घ्या. एकाच घरातलं विरजण तीन मुलींनी सासरी नेलं आणि दहा वर्षांनी तिघींच्या दह्याची चव वेगळी निघाली, तसंच काहीसं. म्हणून आता चांगल्या लॅब मूळ नमुना उणे ८० अंशांना गोठवून ठेवतात आणि दर वेळी त्यातूनच ताजा काढतात.

परळमध्ये हे शंभर वर्षांपूर्वीही माहीत होतं

थोडं विषयांतर, पण दादरहून परळ कितीसं लांब आहे!

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्या जागेत लस बनवायला बसले. प्लेगचा जंतू हा बॅक्टेरिया, यीस्ट नव्हे, पण अडचण हीच होती: लसीसाठी तो भरपूर हवा आणि नुसत्या मांसरसात तो हवा तसा वाढत नव्हता. हाफकिन यांनी रसाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडले. जंतूंनी तुपाला धरून वाढायला सुरुवात केली आणि खाली झुंबरासारखे लोंबू लागले. मग चंबू हलवायचा, लोंबणारे खाली पाडायचे, वर नवे येऊ द्यायचे. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली, १९२५ मध्ये तिला त्यांचं नाव मिळालं. आजची हाफकिन संस्था ती हीच. जंतूला काय खायला घालता यावर तुमच्या हातात काय येतं ते ठरतं, हे मुंबईने तुपाच्या थेंबात पाहिलंय.

आता रुग्णालयात येऊ: साखर ४०००

क्रिप्टोकॉकसपेक्षा कितीतरी जास्त वेळा रुग्णालयाच्या लॅबला भेटणारं यीस्ट म्हणजे कॅन्डिडा. ते आपल्या तोंडात, आतड्यात, त्वचेवर शांतपणे राहतं. आयसीयूमध्ये शिरेत नळी असलेल्या, लांबलचक अँटिबायोटिक चाललेल्या किंवा केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाच्या रक्तात मात्र ते उतरलं तर जिवावर बेततं. परळमध्ये एका बाजूला केईएम आणि दुसऱ्या बाजूला टाटा मेमोरियल, म्हणजे असे रुग्ण या एका भागात किती असतील याचा अंदाज करा. भारतातल्या २७ आयसीयूंमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दर १००० भरतींमागे ६.५ रुग्णांच्या रक्तात कॅन्डिडा सापडलं होतं.

वर साबुरो आगरमध्ये साखर भरपूर असते म्हटलं. किती? लिटरला ४० ग्रॅम. हा आकडा तुमच्या शुगर रिपोर्टच्या भाषेत वाचा. उपाशीपोटी नॉर्मल साखर १०० च्या आत हवी, म्हणजे डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम. साबुरो आगरची शुगर आहे ४०००. असा माणूस असूच शकत नाही. तरी आपण शंभरेक वर्षं यीस्टचं रूप या ४००० वाल्या प्लेटवर पाहतो आणि तेच त्याचं रूप समजतो.

शरीरासारखी परिस्थिती दिली की कॅन्डिडा अल्बिकन्स काय करतं याचा नमुना लॅबच्या रोजच्या कामातच आहे. त्याला माणसाच्या रक्तातल्या सीरममध्ये टाका, ३७ अंशांना ठेवा, दोन-तीन तास थांबा. गोल पेशीतून एक नळी फुटते, मोड आलेल्या मुगासारखी. ही जर्म ट्यूब टेस्ट, १९६० पासून वापरात आहे, खर्च जवळपास शून्य. हीच नळी पुढे लांब तंतू होते आणि तंतू आपल्या ऊतींमध्ये घुसतो. तेच कॅन्डिडा मक्याच्या पिठाच्या पातळशा आगरवर २५ अंशांना ठेवलं तर त्याला जाड भिंतीचे गोल दाणे येतात. सीरममध्ये मोड, मक्यावर दाणे, साबुरोवर मलई. जीव एकच.

(२५ अंश म्हणजे युरोपातल्या पुस्तकांचं "रूम टेम्परेचर". मे महिन्यात मुंबईत बंद एसीच्या खोलीत ते साधायला इन्क्युबेटरला गार करावं लागेल.)

कॅन्डिडा फक्त परिस्थितीप्रमाणे बदलत नाही, परिस्थितीही बदलतं. साखर संपली की ते अमिनो आम्लं खातं, अमोनिया बाहेर टाकतं, त्याने भोवतालचा आंबटपणा कमी होतो आणि आंबटपणा कमी झाला की त्याला तंतू फुटायला आणखी सोपं जातं. म्हणजे सोमवारी तुम्ही प्लेटमध्ये जे माध्यम भरलंत ते बुधवारी उरलेलंच नसतं.

ज्याला पकडायला मीठ आणि ताप लागतो

२००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून नवं यीस्ट मिळालं. नाव ठेवलं कॅन्डिडा ऑरिस, ऑरिस म्हणजे कान. काही वर्षांत ते जगभरच्या आयसीयूंचं दुःस्वप्न झालं. नेहमीचं औषध फ्लुकोनॅझोल त्याच्यावर बहुतेक वेळा चालत नाही, ते बेडच्या कठड्यावर दिवसेंदिवस जगतं, एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातं. २०१३ मध्ये दिल्लीतल्या दोन रुग्णालयांमधल्या १२ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. वर म्हटलेल्या २७ आयसीयूंच्या अभ्यासातले नमुने पुन्हा तपासले तेव्हा त्यातले ५.३ टक्के ऑरिस निघाले, आणि २७ पैकी १९ आयसीयूंमध्ये ते हजर होतं. हे नमुने २०११-१२ चे. म्हणजे आपण नाव ऐकण्याआधीच ते घरात होतं.

आधी का कळलं नाही? कारण साध्या प्लेटवर ते इतर कॅन्डिडासारखंच दिसतं, आणि लॅबमधली ओळख पटवणारी यंत्रं त्याला हमखास दुसरंच नाव द्यायची, बऱ्याचदा कॅन्डिडा हेम्युलोनी. यंत्र यीस्टला कोणकोणती साखर पचते ते पाहून आपल्या यादीशी जुळवतं. यादीत नावच नसेल तर ते सगळ्यात जवळचं नाव छापतं आणि रिपोर्टवर ते ठामपणे छापलेलं असतं.

मग पकडलं कसं? त्याच्या सवयींवरून. ऑरिस ४२ अंशांनाही वाढतं, हेम्युलोनी तिथे हात टेकतं. त्यामुळे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक पद्धत मांडली: रुग्णाच्या काखेतून, जांघेतून घेतलेला नमुना १० टक्के मिठाच्या पाण्यात ठेवायचा, ग्लुकोजऐवजी डल्सिटॉल द्यायचं आणि तापमान ४० अंश. १० टक्के म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या जवळपास तिप्पट खारट, लोणच्याच्या बरणीसारखं. बाकी यीस्ट त्यात मान टाकतात, ऑरिस मजेत वाढतं.

आणि काखच का? २०२० मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी कृत्रिम घाम तयार केला, काखेतल्या घामासारखा, आणि त्यात दोन्ही यीस्ट सोडली. ऑरिसने त्या घामात दाट थर जमवला, अल्बिकन्सला तो जमला नाही. नेहमीच्या लॅब खाद्यात हा फरक दिसला नसता. ऑरिस त्वचेवर एवढं चिवटपणे का टिकतं हे कळायला आधी घाम बनवावा लागला. मुंबईकरांना फुकट आहे.

औषधाच्या रिपोर्टमध्ये याचं काय?

इथे मामला थेट रुग्णाच्या बिछान्यापर्यंत येतो. कोणतं औषध चालेल हे पाहायला यीस्ट औषधाच्या वाढत्या मात्रांमध्ये वाढवतात आणि कुठे वाढ थांबते ते बघतात. तो आकडा एमआयसी. पण वाढवायचं कशात? जगात यासाठी दोन मुख्य नियमावल्या आहेत, अमेरिकेची आणि युरोपची. दोघी आरपीएमआय १६४० हेच द्रावण घेतात, जे मुळात माणसाच्या पेशी वाढवायला बनवलं होतं. अमेरिकन पद्धतीत त्याची साखर, आपल्या शुगर रिपोर्टच्या भाषेत, २००. युरोपीयन पद्धतीत २०००, म्हणजे वाढ लवकर आणि स्पष्ट दिसावी म्हणून दसपट. यीस्टच्या पेशी किती टाकायच्या हेही वेगळं. म्हणून एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या कोष्टकावर ठेवून "चालतं" किंवा "चालत नाही" असं ठरवता येत नाही.

काही कॅन्डिडा तर आणखी छळतात. फ्लुकोनॅझोलमध्ये ते पूर्ण थांबत नाहीत, मंदपणे वाढत राहतात. ३५ अंशांना, आंबटपणा नसलेल्या द्रावणात पाहिलं तर वाटतं औषध फेल. १९९९ मध्ये अमेरिकन संशोधकांनी दाखवलं की द्रावण आंबट केलं की ही मंद वाढ गायब होते. म्हणजे हे यीस्ट खरंच औषधाला दाद देत नाही की फक्त त्या नळीत तसं दिसतंय, हे वाचणाऱ्या माणसाच्या अनुभवावर येतं. म्हणूनच पद्धत इतकी काटेकोर ठरवलेली असते, आणि म्हणूनच चांगली लॅब प्रत्येक खेपेला ओळखीचा वाण सोबत लावते. त्याचा आकडा ठरलेल्या मर्यादेत आला नाही तर त्या दिवसाचे बाकी आकडेही बाद.

आणखी एक फरक नळीत दिसत नाही. रुग्णाच्या शिरेतल्या प्लास्टिकच्या नळीवर कॅन्डिडा थर करून चिकटतं. द्रावणात सुटं तरंगणारं यीस्ट ज्या मात्रेने मरतं, त्याच्या कित्येक पट मात्रा या थराचं काही बिघडवत नाही. रिपोर्टवर औषधापुढे "एस" असतं, रुग्णाचा ताप उतरत नाही, नातेवाईक डॉक्टरांवर चिडतात. अशा वेळी डॉक्टर नळी काढायला सांगतात ते उगाच नाही.

आणि रक्ताच्या कल्चरमध्ये काहीच आलं नाही तर? शरीरात खोलवर कॅन्डिडा असलेल्या रुग्णांपैकी साधारण निम्म्यांचंच रक्त कल्चर पॉझिटिव्ह येतं. त्यामुळे घरचा माणूस आयसीयूत असेल आणि कल्चर निगेटिव्ह असूनही बुरशीचं औषध सुरू केलं, तर "रिपोर्ट तर क्लीन आहे" असं भांडण्याआधी हा आकडा आठवा. विचारायचंच असेल तर विचारा की वाढलेल्या यीस्टचं पूर्ण नाव काय. नुसतं "कॅन्डिडा स्पीशीज" लिहिलं असेल तर पुढची ओळख पटवणार आहात का, आणि ऑरिसची शक्यता तपासली का. हे प्रश्न आगाऊपणाचे नाहीत.

मग "लॅबमध्ये सिद्ध" म्हणणाऱ्या रील्सचं काय करायचं?

लसणीने कॅन्डिडा मरतं, खोबरेल तेलाने मरतं, हळदीने मरतं. बऱ्याच वेळा या दाव्यांच्या मागे खराखुरा प्रयोग असतो. प्लेटवर लसणीचा रस टाकला की भोवती यीस्ट वाढत नाही, हे कुणीही करून पाहू शकतं. पण ती प्लेट ४००० शुगरची असते, यीस्ट सुटं असतं, आणि रसाची मात्रा इतकी असते की तेवढी रक्तात पोचवायची तर माणूस आधी मरेल. प्लेटवर तर फिनाइलनेही यीस्ट मरतं.

"साखर सोडा, कॅन्डिडा उपाशी मरेल" हा दावा जास्त हुशार वाटतो, म्हणून जास्त फिरतो. तुम्ही साखर खाल्ली नाहीत तरी रक्तातली साखर शरीर राखतंच. आणि कॅन्डिडाला साखरच लागते असंही नाही. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये ते ग्लुकोजऐवजी लॅक्टेटवर वाढवलं. ते उपाशी मेलं नाही. उलट त्याच्या पेशीभिंतीची रचना बदलली, ताण आणि औषधं सोसण्याची क्षमता बदलली आणि उंदरांमध्ये ते जास्त घातक ठरलं. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवणं गरजेचंच आहे, त्याची कारणं वेगळी आणि भक्कम आहेत.

राहता राहिली ती सकाळची "थुंकी टेस्ट". उठल्याबरोबर ग्लासभर पाण्यात थुंकायचं, थुंकीला खाली लोंबणारे धागे आले की शरीरात कॅन्डिडा वाढलंय असं समजायचं आणि मग त्याच रीलमधली पावडर मागवायची. धागे लाळेतल्या चिकट प्रथिनांचे असतात, रात्री पाणी कमी प्यायलात तर जास्त दिसतात. त्या ग्लासात ना आगर आहे, ना सीरम, ना कारळं. ग्लास विसळून पाणी प्या.